चार बटणं, एक पंखा

"आधी तो पंखा बंद कर!" कोरडी चादर शोधत आई आतूनच ओरडली.

ऑफिसातून लवकर आलेल्या पोरानं बॅग टाकली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. पाच नंबरवर गरगरणारा पंखा थांबू लागला. पलंगावर त्याचे वडील, आप्पा, काकडले होते. पांघरूण जमिनीवर, चादर ओली. उजवा हात मात्र टॅबवर तसाच.

"कधीपासून असे आहेत?"

"मला काय ठाऊक? घंटा वाजेल, खुशाल झोप, असं तूच म्हणालास ना? चार महिन्यांत पहिल्यांदा दार लावून झोपले रे मी!" आईला रडूच कोसळलं.

चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं आप्पांची डावी बाजू आणि वाचा गेली होती. काही हवं असलं की ते अंगठीनं पलंगाच्या कठड्यावर टकटक करायचे, आणि आई हातातलं टाकून धावायची. तिची दमछाक पोराला बघवेना. पोरगा प्रोग्रामर. सुट्टीच्या दिवशी बसून त्यानं टॅबवर चार मोठी बटणं केली: घंटा, दिवा, पलंग, पंखा. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रत्येकाचं वेगळं ऑब्जेक्ट, म्हणजे त्या बटणाच्या माहितीचा गठ्ठा. आज सकाळी निघायच्या घाईत शेवटचं तेवढं दाबून पाहिलं. पंखा फिरला. "झकास!" म्हणत स्वारी ऑफिसला.

आप्पांना कोरडं करून, पांघरूण घालून तो कोड उघडून बसला. एका नजरेत कळलं. चारही ऑब्जेक्टं त्यानं एकाच नावात एकामागून एक ठेवली होती. बटण दाबलं की त्या नावात काय आहे ते पाहिलं जायचं, आणि तिथं शेवटी आलेला पंखाच उरला होता. म्हणजे काहीही दाबा, पंखाच! ऑफिसात नव्या पोरांची याच चुकीवरून त्यानं किती टिंगल केली होती. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

कोणतं बटण कधी दाबलं याची नोंद टॅबमध्ये होती. दोन वाजून दहा मिनिटं, घंटा. दोन अकरा, घंटा. घंटा. घंटा. एकोणचाळीस वेळा. मदतीला हाक मारावी आणि वारा वाढावा, असं दोन तास चाललं होतं. त्याला पुढचं वाचवेना.

प्रत्येक बटणाला आपापलं नाव मिळावं म्हणून कोडमधला एकच शब्द बदलायचा होता. बदलला. चारही बटणं दाबून पाहिली. स्वयंपाकघरात घंटा वाजली, दिवा लागला, पलंगाची उशाकडची बाजू वर आली, पंखा फिरला. तो त्यानं लगेच बंद केला.

"आप्पा, चुकलं माझं. आता बघा तुम्ही दाबून."

आप्पांनी बोट उचललं. क्षणभर बटणावर धरलं. मग हाताच्या पाठीनं टॅब हळूच बाजूला सारला. रागावले असते तरी परवडलं असतं. पण ते रागावलेच नव्हते.

मग त्यांनी कठड्यावर अंगठी वाजवली. टक, टक.

आई ओल्या हातांनी धावत आली. "काय हो? काय हवंय?"

आप्पांनी उशाजवळच्या पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवलं. आईनं तो त्यांच्या ओठांशी नेला, तर त्यांनी मान फिरवली आणि पोराकडे पाहिलं.

"अगं बाई! अरे, आल्यापासून तू पाणीसुद्धा प्यायला नाहीस," आई म्हणाली. "तेच सांगताहेत ते."

त्यानं दोन्ही हातांनी पेला घेतला.