वाढत्या अंगाची सायकल

मित्रांनो, कुंडलमधल्या एका पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी सायकल ती मीच. जुनी आपली वयाने. टायर अजून कोरे आहेत. गंज चढला तो नुसते उभे राहून. मला याचाच राग आहे आणि आज तो मी बोलून दाखवणार आहे.

सांगलीत भरतेशशेठच्या दुकानात मी टांगलेली होते. फौजेतले मानसिंगदादा सुट्टीवर आले होते. पाच वर्षांच्या लेकीसाठी, राजनंदिनीसाठी ते सायकल घ्यायला आले, पण एकटेच. हातानेच तिची उंची दाखवली. शेठनी छोटी सोळा इंची पुढे केली. पोरीचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असे बजावलेही. दादांनी बोट केले ते माझ्याकडे, वीस इंचीकडे.

"वाढत्या अंगाची पोर हाय, शेठ. मी पुन्हा सुट्टीवर येईस्तोवर ती बारकी पडंल."

त्या घरात बूट एक माप मोठे घेऊन पुढे कापूस कोंबत, फ्रॉकला आतून चार बोटे दुमड घालत. पण माझ्यात कापूस कुठे कोंबणार? सीट पार खाली केली तरी राजनंदिनीचे पाय लोंबकळतच राहिले. ब्रेकपर्यंत बोटेही पोचेनात. तिसऱ्या दिवशी कॅनॉलच्या उतारावर तोल गेला आणि तिला पाय टेकताच आले नाहीत. हनुवटीला चार टाके पडले. बोलणी मात्र खाल्ली मी! धोंडुबाई आजींनी मला अवदसा म्हटले, शेजाऱ्यांनी पोरीला भित्री ठरवले. माप चुकले, असे एकानेही म्हटले नाही.

दोन वर्षे गेली. आता तिचे पाय आरामात टेकतील, पण ती माझ्याजवळ येतच नाही. मैत्रिणी गल्लीत सायकली फिरवतात आणि ती पायरीवर बसून बघते.

गेल्या महिन्यात दादा सुट्टीवर आले. धाकट्या, चार वर्षांच्या साईराजने सायकलचा हट्ट धरला. दादांनी हसत मला पुसले आणि त्याला उचलून माझ्यावरच बसवू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मला बोलता थोडेच येते? तेवढ्यात राजनंदिनीने येऊन हँडल घट्ट धरले.

"पप्पा, ह्यो पडला तर परत कवाच बसणार न्हाई. माझं तसंच झालं. ह्याला दुकानात न्या, पाय टेकत्यात का बघा, मग घ्या."

दादांनी तिच्या हनुवटीवरच्या खुणेकडे पाहिले आणि साईराजला खाली उतरवले. दुसऱ्या दिवशी ते साईराजला घेऊन सांगलीला गेले आणि त्याच्या मापाची सायकल आणली.

मित्रांनो, तुमच्यासाठी सायकल आणायला कोणी एकटे निघाले तर त्यांना अडवा. सोबत जा, बसून बघा, पाय टेकवा. तुम्ही आज जेवढे आहात तेवढ्याच मापाची मागा.

साईराज आता अंगणात सायकल चालवतो. राजनंदिनी त्याची सीट धरून मागे पळते. तीही चालवू शकली असती.