म्हशीच्या वाट्याचा वानोळा

साहेब, तुम्हाला माहीत होतं. फळं, भाज्या, फुलं यांची ओळख व्हावी म्हणून मुलांना गावातल्या शेतांवर न्या, चव द्या, फोटो पाठवा, हा आदेश तुमच्या शिक्षण कार्यालयाचा. शेतांची यादीही तुम्हीच मंजूर केली. चार शेतं, चारही वरच्या आळीतली. ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतलं एकही नाही. न वाचता सही केली असं म्हणू नका. तुम्ही याच जिल्ह्यातले आहात. कोणतं शेत का वगळतात, हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

आता घडलं ते ऐका. वाचकांनो, तुम्हीही ऐका, कारण यात आपण सगळेच आहोत.

आष्टी तालुक्यातलं गाव. दसऱ्याच्या आधीचा आठवडा. उज्ज्वला मॅडम चौथीची बावीस लेकरं घेऊन निघाल्या. यादी शाळा समितीचे अध्यक्ष अमरसिंह यांनी केलेली. मॅडमनी ती चांगल्या अक्षरात उतरवून काढली, एवढाच त्यांचा हात. अमरसिंहांच्या शेतात ड्रॅगन फ्रूट होतं. काडीला टोचलेली एकेक फोड मिळाली. फोटो झाल्यावर काड्या परत घेतल्या.

"मॅडम, हे दिसायलाच भारी हाय," एक पोरगं म्हणालं. "चवीला पाणी."

परतीची वाट छबुबाईच्या बांधावरून जात होती. छबुबाई त्याच वस्तीतली, विधवा. ओढ्याकाठी तिचं एवढंसं रान, पण काय नव्हतं त्यात! हादगा फुलला होता, दोडक्याचे वेल कुंपणावर चढले होते, अंबाडीला लाल बोंडं लागली होती आणि बांधावर डोळे उघडलेली सीताफळं.

या बाईची एक रीत होती. पहिला तोडा निघाला की टोपलं डोक्यावर घेऊन ती गावभर वानोळा वाटायची. रानात पिकलं ते आधी शेजाऱ्याला द्यावं, मग आपण खावं, ही आपल्याकडची जुनी चाल. वरच्या आळीतल्या बायका हसून पदरात घ्यायच्या. "छबे, दोडके लई ग्वाड हायत तुझे," असं म्हणायच्या. तीस वर्षं ती या एका वाक्यावर खूश होती.

"मॅडम, आमच्या रानात न्हाई का यायचं?" ती बांधावरून म्हणाली.

"उशीर झालाय मावशी. पुढच्या वेळी."

पण लेकरं केव्हाच हादग्याखाली पोचली होती. छबुबाईनं पांढरी फुलं तोडून त्यांच्या हातात दिली. "ही देवाला बी चालत्यात आन् भाजीला बी." मग सीताफळं फोडून सुपात मांडली. "घ्या रे."

एकही हात पुढं आला नाही.

"आत्ताच खाल्लंय त्यांनी. पोटं भरलीत," मॅडम घाईनं बोलल्या.

अमरसिंहांची आरोही मात्र साधी पोर. तिला लपवायचं काय ते अजून समजत नव्हतं. "मॅडम, आमी हे खात न्हाई. छबुआजीनं दिलेलं आमची आजी म्हशीला घालती."

छबुबाईनं सूप खाली ठेवलं. "दोडके बी?"

"दोडके, भोपळा, सगळं. म्हैस लई आवडीनं खाती."

छबुबाई बांधावर बसली. तिच्या तीस वर्षांच्या वानोळ्याचा निकाल एका पोरीनं दोन वाक्यांत लावला होता. ती रागावली नाही. तिनं आरोहीला जवळ बोलावलं.

"म्हशीचं दूध कोण पितं गं?"

"मी. आन् पप्पा त्याचाच च्या पितेत."

"मग माझा भोपळा तुमच्या पोटातच गेला की. नुसता म्हशीकडनं फिरून गेला. म्हशीला इटाळ न्हाई झाला, दुधाला न्हाई झाला. माझ्या हातातनं थेट घेतला तरच कसा होतो? मला अडाणीला कळंना. तुमी शाळेत जाता, तुमी सांगा."

हे शेवटचं वाक्य लेकरांना नव्हतं. मॅडमना ते बरोबर लागलं. गेल्या साली याच बाईनं दिलेल्या शेवग्याच्या शेंगा त्यांनी आष्टीच्या स्टँडवर बाकावर मुद्दाम विसरल्या होत्या. तसं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. घरात बघत आल्या होत्या, हात आपोआप तसा वागला. समतेचा धडा वर्गात तोंडपाठ करून घेणारा तोच हात.

"मावशी, आधी पाणी द्या," त्या म्हणाल्या.

"तांब्या आत्ताच घासलाय, मॅडम."

"मी विचारलं का?"

मॅडम पाणी प्यायल्या. बांधावर बसून सीताफळ खाल्लं, दोन्ही हात बरबटेपर्यंत. मग आरोही बसली, मग बाकीचे. पाच-सहा लेकरं तशीच उभी राहिली. त्यांना कोणी बळजबरी केली नाही. बियांचा ढीग पडला. छबुबाई एकेकाचं तोंड पदरानं पुसत होती आणि मधूनच स्वतःचे डोळे.

दुसऱ्या दिवशी अमरसिंह शाळेत आले. "मॅडम, ते शेत यादीत नव्हतं."

"वाटेत होतं."

"लेकरांच्या आया बोलायल्यात."

"काय बोलतात ते सांगा. लिहून घेते."

अशा गोष्टी आपल्याकडं करतात, लिहून देत नाहीत. अमरसिंह आवाज खाली आणून म्हणाले, "कालपासून पोरगी दूध पीना. म्हणती, भोपळा चालत न्हाई तर त्याचं दूध कावून चालतं? आईला विचारलं, ती रागावून उठून गेली. मी काय सांगू हो तिला?"

"मलाही काल उत्तर आलं नाही. म्हणून खाल्लं."

त्या दुपारी अमरसिंह ओढा ओलांडून गेले. छबुबाईनं नेहमीसारखं लांबूनच टोपलं पुढं केलं. त्यांनी टोपलं घेतलं नाही, हात पुढं केला. तिनं दिलेलं सीताफळ तिथंच उभ्यानं खाल्लं. "चुकलं आमचं, काकू," एवढंच बोलले.

"चुकलं ते चुकलं. बी गिळू नका," छबुबाई म्हणाली.

एका माणसानं गाव बदलत नाही, हे मलाही कळतं. पण एवढं ध्यानात ठेवा: हसून घ्यायचं आणि तोंडाला लावायचं नाही, ही सभ्यता नव्हे, अस्पृश्यताच आहे. ती कायद्यानं गेली, सवयीत राहिली. सवय मोडायची तर आधी आपल्या तोंडानं मोडावी लागते.

आणि साहेब, मॅडमनी खरा अहवाल पाठवला तेव्हा तुमच्याकडून त्यांना पत्र आलं. मंजूर यादीबाहेरची भेट का दिली, तीन दिवसांत खुलासा करा. त्यांनी खुलासा एका ओळीत दिला: "मुलांना चव द्यायची होती."

आता खुलासा तुम्ही करा. तुमच्या स्वतःच्या घरी त्या वस्तीतून वानोळा आला, तर तो कोण खातं? लेखी कळवा. आम्ही वाट बघतोय.