खोडलेले एक वाक्य

मित्रांनो, मी एक वही आहे. जुनी, जाडजूड, निळ्या कापडी बांधणीची. वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मला सतत धाकधूक वाटते. ती का, ते आज तुम्हांला सांगते.

न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका कारकुनांनी मला आणले. सगळे त्यांना कारकूनकाका म्हणतात. निकालाचा कागद हातात धरून "म्हणजे नक्की काय झालं हो?" असे विचारणारी माणसे त्यांनी जन्मभर पाहिली होती. म्हणून सर्वांच्या उपयोगी पडणारे मोठमोठे निकाल साध्या भाषेत लिहून ठेवायचे, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्यांची एक पद्धत होती. आधी ते माझ्या मागच्या पानांवर कच्चे लिहीत आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना मोठ्याने वाचायला लावत. मावशी चौथी शिकलेल्या. "काका, इथं माझी गाडी अडली बघा," असे त्या म्हणाल्या, की काका ते वाक्य बदलत, नाहीतर सरळ खोडून टाकत. मग पुढच्या पानांवर सुवाच्य अक्षरात उतरवत. लोक मला वाचून खुशीत घरी जात. खोटे कशाला बोलू, तेव्हा मी जरा फुशारलेच होते.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आली. तिला सातवा महिना होता. आदल्याच दिवशी कारखान्याने तिला कामावरून काढले होते. मावशींनी तिला माझे बाराव्या खटल्याचे पान उघडून दिले. गरोदर बाईला असे काढता येत नाही, तिला परत घ्यावेच लागते, असा तो निकाल. तिने तो दोनदा वाचला आणि पदराने डोळे पुसले.

"मग घाई कशाला?" ती मावशींना म्हणाली. "बाळंतपण उरकते, बाळ जरा मान धरायला लागलं की जाते अर्ज घेऊन."

'थांब बाई!' असे मला ओरडावेसे वाटले. कारण मित्रांनो, त्या निकालात आणखी एक वाक्य होते. काढल्यापासून नव्वद दिवसांच्या आत लेखी अर्ज दिला, तरच परत घेणे बंधनकारक. मूळ वाक्य लांबलचक होते. मावशी तिथे तीनदा अडखळल्या होत्या आणि काकांनी त्यावर रेघ मारली होती. सोप्या शब्दांत ते पुन्हा लिहायचे राहून गेले. मला सगळे ठाऊक होते, पण वहीला कुठले आले तोंड!

रोज सकाळी शेजारी नवे वर्तमानपत्र येई. त्याच्या तारखेवरून मी दिवस मोजू लागले. चाळीस झाले. साठ झाले. कोणी माझी पाने उलटली, की वाटे, आता मागे जाईल, आता पाहील. पण कच्च्या पानांकडे कोण ढुंकून बघणार?

एक्याऐंशीव्या दिवशी बाराव्या खटल्याचे झिजलेले पान नव्याने उतरवायला काका बसले. त्यांनी मागचा मजकूर काढला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, अहो, हे वाक्य मी खोडलं?"

"माझी गाडी अडली होती ना तिथं," मावशी म्हणाल्या. मग त्यांना ती बाई आठवली. "काका, ती पोटुशी बाई! तिचं नावसुद्धा विचारलं नाही हो मी."

दुसऱ्या दिवसापासून दोघे मला घेऊन शिवण-कारखान्यांच्या फाटकांशी उभे राहू लागले. पाळी सुटली, की मावशी प्रत्येकीला विचारत. कोणी हसे, कोणी रखवालदार हाकलून देई. माझा जीव टांगणीला लागला होता. सत्त्याऐंशीव्या दिवशी काजे-बटणाचे काम करणारी एकजण थांबली. "ती होय? माझी नणंदच ती. चला."

ती पलंगावर बसली होती, मांडीवर तान्ही मुलगी. काकांनी हात जोडले. "पोरी, चूक माझी आहे. आत्ताच्या आत्ता अर्ज लिहू." तो अर्ज माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिला गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी तो कारखान्यात दिला आणि पोच घेतली. पुढे तिला कामावर परत घेतले.

ही बातमी सांगायला ती मुलीला घेऊन वाचनालयात आली. काका हसले, मावशी रडल्या, मलाही हायसे वाटले. बाराव्या खटल्याच्या नव्या पानावर आता ते वाक्य साध्या शब्दांत, लाल शाईने लिहिलेले होते. तिने ते वाचले आणि वर बघून विचारले,

"काका, माझ्याआधी हे पान किती जणींनी वाचलं?"

काकांनी माझे जुने पान उलटून तिच्यापुढे धरले. ते पान चार वर्षे उघडे होते आणि वाचून वाचून झिजले होते.

म्हणून मित्रांनो, कोणाला काही सोपे करून सांगाल, तेव्हा त्यातली अट गाळू नका. आणि तुमच्या आईने, मावशीने, शेजारच्या काकूने कधी माझे जुने पान वाचले असेल, तर आज घरी गेल्याबरोबर तिला एवढेच सांगा : नव्वद दिवस.