कोल्ह्याचं तोंड

"थांब गो मिताली," म्हणत गोजराने सुनेचा हात घट्ट धरला. कचऱ्याच्या डब्यामागून एक कोल्हा निघाला, रस्त्याच्या मधोमध थांबला आणि सरळ गोजराकडे बघू लागला.

इंग्लंडातलं ते छोटं गाव, सकाळची बोचरी थंडी, आणि नावडे गावची ही बाई लुगड्यावर मुलाचं जाकीट चढवून हॉस्पिटलला चाललेली. मुलगा प्रितेश सायकलवरून पडला होता. डोक्याला मार लागला, तेव्हापासून मशीनवर होता. प्रितेशने हौसेने आईचा पासपोर्ट काढून ठेवला होता; नवऱ्याकडे, वामनकडे तो नव्हता, म्हणून जन्मात गाव न सोडलेली गोजरा एकटीच विमानात बसली. आल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"आई, चला ना. इथे रोज फिरतात हे, कुत्र्यांसारखे."

"फिरूदे. सकालचा कोल्ह्याचा तोंड बगला का काम झालाच. माझा पोर आज डोला उघरनार."

बाई इतकी हरखली की विचारू नका. उभ्या उभ्या वामनला फोन करून सांगितलं. हॉस्पिटलात चहा मागून घेतला, बिस्किटं खाल्ली, सुनेलाही बळेच खायला लावली. डॉक्टरांनी काल काय सांगितलं होतं ते मितालीने सासूपासून लपवलं होतं. आता तर तिची जीभच रेटेना.

शेवटी डॉक्टरीणबाईनेच दोघींना समोर बसवलं. ती बोलत गेली आणि मिताली रडत रडत मराठीत सांगत गेली. मेंदू गेलाय. आता काही होणार नाही. मशीन काढावं लागेल.

"तिला सांग, मना आज कोल्हा दिसलाय," गोजरा म्हणाली.

मितालीने तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईने गोजराचा हात हातात घेतला आणि नकाराची मान हलवली. तेव्हा कुठे त्या माउलीला कळलं, आणि तिचं काळीज फाटलं.

दुपारी मशीन काढलं. गोजरा लेकाच्या उशाशी बसून त्याचे केस सारखे करत होती. तेवढ्यात वामनचा फोन आला.

"गोजरे, गावदेवीला नारल फोरला बग. आख्ख्या आलीत पेढं वाटलं. पोर बोलतो का? दे त्याला फोन."

गोजराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी कुठं हाव?"

"देवलात."

"जवल कोन हाय?"

"आपला कुंदन हाय ना, धाकटा. का गो?"

"त्याचा हात धरा नि खाली बसा," गोजरा म्हणाली, आणि तो बसेपर्यंत फोन कानाला लावून थांबली.