आठ नंबरचा वाफा

सकाळपासून काळुरामचा पाय एका जागी ठरत नव्हता. डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यांमागे, नाल्याकाठी त्याची अर्धा एकर जमीन उरली होती. बाकी सारी बिल्डरच्या घशात गेली. त्या अर्ध्या एकरावर पॉलिहाउस आणि आठ वाफे पालक. मुलगा नयन प्रत्येक वाफ्यातली माती लॅबमध्ये देऊन आला होता आणि आज रिपोर्ट येणार होता. कंपन्यांनी आपली जमीन नासवली, हे काळुराम दहा वर्षं गावभर ओरडत होता. आता एकदाचं ते कागदावर येणार होतं.

फोन वाजला.

"बाबा, सात वाफे चांगले निघाले," नयन म्हणाला. "बोअरचं पाणीपण ओके. फक्त आठ नंबरमध्ये कॅडमियम आणि शिसं, लिमिटच्या चौपट. लॅबवाले विचारतायत, तिथे वेगळं काय टाकलेलं?"

काळुरामच्या तोंडचं पाणी पळालं.

टाकलं होतं. त्यानेच. त्याचा बाप दर चैत्रात नाल्यातला गाळ उपसून शेतात पसरायचा आणि भात असा यायचा, की बघणाऱ्याची नजर लागावी. सून कल्पिताला दिवस गेले, डॉक्टरीणबाईंनी पालक खायला सांगितला, तेव्हा या शहाण्याला नेमकं तेच आठवलं. साठ पाट्या गाळ एकट्याने उपसून त्याने आठव्या वाफ्यात कालवला. उठता-बसता कंपन्यांना शिव्या देणाऱ्या माणसाला त्यांचंच सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यातून गाळ उचलताना मात्र बापाच्या वेळचा नाला दिसला. त्यात वर छत, म्हणजे पावसाने काही वाहून जायचीही सोय नाही.

"बाबा, त्या वाफ्यातलं बाजारात गेलं का?"

"नाय. एक जुडी नाय गेली," म्हणत त्याने फोन ठेवला आणि घराकडे धूम ठोकली.

कल्पिताला सातवा लागला होता. त्यानेच सकाळी आठव्या वाफ्यातून खुडून दिलेला पालक ती ओट्याशी धूत होती. त्याने जुडी तिच्या हातातून ओढून घेतली.

"अहो बाबा, काय झालं?"

"रिपोर्ट आला. खराबी निघाली. त्या कंपन्यांनी..." जिभेवर दहा वर्षांची सवय होती. पुढचं आपोआप आलं असतं, आणि सगळ्यांनी खरंही मानलं असतं.

"अगं बाई!" कल्पिता म्हणाली. "पण आपला आठ नंबर चांगलाच असेल ना? तिथे तर तुम्ही खास गाळ घातलाय. मी आपली त्यातलाच खाईन."

काळुरामने हातातली जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. पोरीचा केवढा विश्वास! त्याला स्वतःची लाज वाटली.

"तोच वाईट हाय, सूनबाय. बाकी सगला बरा. तेवढा मीच नासवला, त्या गाळानं."

कल्पिताचा ओला हात पोटावर गेला. तीन महिने ती रोज तोच पालक खात होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. ते त्याला सोसवेना.

"चल, फाईल घे. डॉक्टरीणबाईंकडं आत्ताच जाव," तो दाराकडे वळत म्हणाला. "कुणी काय घातलं ते तू नको सांगूस. मी सांगीन."