दुसऱ्या शनिवारची स्कूटर

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग आकाशी होता. आता तो कुठे कुठे उरला आहे. वरणगावचे कापडाचे व्यापारी प्रेमराजशेठ यांनी मला एकतीस वर्षांपूर्वी घरी आणले. त्यांच्या पत्नी कुसुमलताबाई यांनी माझ्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी शेठ मला भुसावळला नेत. तिथे त्यांची लॉज होती. लॉज म्हणजे उतरायचे हॉटेल नव्हे. एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या लोकांची ती जुनी संघटना. कोणी रेल्वेतला, कोणी डॉक्टर, कोणी फॅक्टरीतला. हॉलमध्ये ते पांढरा एप्रन बांधून बसत आणि आतले बाहेर सांगत नसत.

मला त्या हॉलचा फार मत्सर वाटे. शेठला घेऊन जायचे मी, आणि दुपारभर उन्हात उभीही मीच. आत त्यांची एक पॉलिश केलेली खुर्ची होती म्हणे. जाताना शेठ गुणगुणत सावकाश चालवत. येताना मात्र मला नुसते पिळून काढत. मला वाटे, माया सगळी लॉजवर आणि राग माझ्यावर.

कुसुमलताबाईंचे दुखणे तेच होते. जैन घर, जेवण सूर्य मावळायच्या आत. शेठ येऊन ताटावर बसत. आज काय झाले, असे विचारले की नुसते हसत. एकदा माझी सीट पुसता पुसता बाई म्हणाल्या, "तू तरी त्यांच्याबरोबर जातेस." त्यांना काय माहीत, मी दारापर्यंतच जाते!

गेल्या पौषात शेठ गेले. लॉजने शोकसभा ठेवली, घरच्यांना बोलावले आणि शेठचा एप्रन हॉलमध्ये काचेत लावण्यासाठी मागितला. बाईंनी सांगून टाकले, मी यायची नाही आणि एप्रनही मिळायचा नाही. मुलगा जिनेश दोन दिवस समजावत होता. शेवटी त्या निघाल्या, पण ते जायचे त्याच गाडीवरून जाईन म्हणाल्या. जिनेशने माझा कार्बोरेटर साफ करून घेतला. मला तिरपी करून किक मारल्या. सातव्या किकेला मी उठले.

त्याने मला हॉलच्या खिडकीखाली लावले. आतले सगळे ऐकू येत होते. जो तो 'आमचे प्रेमराज' म्हणत होता. मग बाईंना बोलायला सांगितले.

"एकतीस वर्षांचे शनिवार तुम्ही नेले," बाई म्हणाल्या. "मला तुमचा हेवा वाटत आला. हा एप्रन मी देणार नाही."

फॅक्टरीतून निवृत्त झालेले सुकदेव नाना उठले.

"वहिनी, आम्हाले तुमचाच हेवा वाटे. सभा संपली की आम्ही बठ्ठे बंधू एकत्र जेवतो. प्रेमराज एकही दिवस थांबले नाहीत."

जेवण असते हेच बाईंना ठाऊक नव्हते. रात्री जेवत नसत म्हणून थांबले नसतील, असे त्या हळूच म्हणाल्या. नाना म्हणाले की तेही करून पाहिले. खास शेठसाठी पंगत चार वाजता बसवली. तरी ते निघाले.

"म्हणाले, घरी ती ताट वाढून बसली असेल."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. खाली मलाही उमगले: तो राग नव्हता, घाई होती. पण खरे सांगते, मला आनंद झाला नाही. ती घाईसुद्धा माझ्यासाठी नव्हती.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "एप्रन माझ्याकडेच राहील. तो बघायला घरी या. पुढच्या दुसऱ्या शनिवारी, बायकांना घेऊन, दिवस मावळायच्या आत जेवायला."

आणि ते आले. बाईंनी दालबाटी केली. मागच्या ओट्यावर सगळ्या बायका लॉजच्या तक्रारी सांगत हसत होत्या, आणि बाई सर्वांत जास्त हसत होत्या. अंगण मोटारींनी भरले, म्हणून जिनेशने मला गोठ्यात ढकलले. माझ्या जागी एक चकचकीत पांढरी मोटार उभी राहिली. तिचाही मला मत्सर वाटला. स्वभाव कुठे जातो?

मित्रांनो, तुमच्या घरातले माणूस कुठे जाते आणि घाईने का परतते, ते त्याला वेळेवर विचारा. मनात कुढत बसू नका. आम्ही दोघींनी त्यात एकतीस वर्षे घालवली. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी असेल, तर आठवड्यातून एकदा तिला किक मारत जा. उठायला वेळ लागेल, पण ती उठेल.