त्याला दोनदा विचारलं

आकांक्षानं तीच सतरा सेकंदं तिसऱ्यांदा मागं नेली. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि डोळे मिटले. म्हातारा खोकला, थांबला, पुन्हा बोलू लागला. बोलणारा शेतकरी आहे हे लक्षात घेऊन की काय, मशीननं टाइप करताना सगळीकडे 'फार्म' लिहून ठेवलं होतं. इथं तो 'फॉर्म' होता. तिनं एक अक्षर बदललं, वाक्य पहिल्यापासून वाचलं आणि तिचे हात कीबोर्डवरून आपोआप उचलले गेले.

मरण्यासाठीचा फॉर्म मी भरला आहे, असं तो म्हणत होता.

कॅनडातली कुठलीशी संस्था तिथल्या साध्या माणसांना फोन करून मतं विचारायची. सरकार कसं चाललंय, घरभाडं परवडतं का, दवाखान्यात किती थांबावं लागतं, बाहेरून येणाऱ्या लोकांबद्दल काय वाटतं. ते बोलणं मशीन टाइप करायचं आणि मशीनच्या चुका जालन्यात बसून आकांक्षा सुधारायची. सासूबाईंच्या आजारपणात इंग्रजी शाळेतली नोकरी सुटली, तेव्हा हे काम धरलं होतं. घरातून करता यायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल, समोर पलंगावर सासूबाई, द्वारकाबाई. त्यांचा डावा पाय उशीवर ठेवलेला, घोट्यापर्यंत पांढऱ्या पट्टीत.

द्वारकाबाईंना या कामाची गोडी लागली होती. दुपारचा चहा झाला की त्या विचारायच्या, "काय म्हनू राह्यले आज तुझे कॅनडावाले?"

आकांक्षा सांगायची. एक बाई होती, तिचा अर्ध्याहून जास्त पगार भाड्यात जायचा. "मंग गावाकडं का जात न्हाई ती?" द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. एका माणसाला तीन वर्षांपासून घरचा म्हणून डॉक्टरच मिळत नव्हता, यादीत नाव होतं फक्त. "एवढा मोठा देश, आन् डाक्टर न्हाई? इथं एका गल्लीत चार हायेत. गुण येवो न येवो, सुई तरी देतेत."

बाहेरून आलेली पोरं आता पुरे झाली, असं पाठोपाठ सहा-सात जण म्हणाले, त्या दिवशी आकांक्षाला वाईट वाटलं होतं. पोरं म्हणजे आपल्याकडचीच. द्वारकाबाईंना मात्र हसू आलं. "आमचा ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला जायचा ना, तवा भाईरच्या टोळ्या आल्या की गावातले लोकं असंच बोलायचे. हाकला म्हनायचे. आन् ऊस तोडायचं कोन? त्याच टोळ्या. मानूस समदीकडं सारखंच असतंय, पोरी."

आज चहा व्हायचा होता. तरी आकांक्षानं हेडफोन काढले.

"आत्याबाई, ऐका तरी. हे भलतंच आहे."

द्वारकाबाईंनी मान वळवली.

"एक म्हातारा आहे. शेतकरी. गहू करायचा. चौऱ्याहत्तर वय. फुप्फुसं गेलीत, नळी लावून श्वास घेतो. तिकडं कायदा आहे म्हणे, असा माणूस सरकारला अर्ज करू शकतो."

"कशाचा?"

"मरायचा. डॉक्टर घरी येतो आणि सुई देतो. म्हणजे... कायमची." तिचाच आवाज उतरला. "यानं अर्ज दिला. दोन डॉक्टर वेगवेगळे येऊन बसले. तुमचीच इच्छा आहे ना, कुणी मागं लागलं नाही ना, असं विचारलं. एकदा विचारलं, परत येऊन दुसऱ्यांदा विचारलं. मग दिवस ठरला. त्या दिवशी डॉक्टर पेटी घेऊन आला आणि सुई द्यायच्या आधी परत विचारलं. हा म्हणाला, आज नको. तर डॉक्टरनं पेटी बंद केली, चहा घेतला आणि गेला. तुम्हाला वाटेल तेव्हा बोलवा म्हणाला." तिनं कपाळावर हात मारला. "काय माणसं आहेत! विचारायची गोष्ट आहे का ही?"

सासूबाई 'शिव शिव' म्हणतील, पदर तोंडावर घेतील, अशी तिची अपेक्षा होती. पंखा फिरत राहिला. द्वारकाबाई छताकडं बघत होत्या.

"त्याला इचारलं म्हन," त्या म्हणाल्या.

"हो ना!"

"दोनदा."

"दोनदा काय, तीनदा."

"चांगले हायेत मंग लोकं."

आकांक्षाला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. ती पुन्हा सांगू लागली, तर द्वारकाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. तक्रारीचा सूर त्यांच्या बोलण्यात नव्हता. सकाळी भाजी कुठली आणली ते सांगावं, तसं त्या बोलल्या.

"मला तीर्थपुरीहून आनलं तवा गाडीत बसल्यावर कळलं, की आता जालन्यालाच ऱ्हायचंय. दोन म्हशी होत्या. त्या इकल्या ते पाहुन्यानं सांगितलं. चांगल्यासाठीच केलं समद्यांनी, मी न्हाई म्हनत न्हाई. पर कदी इचारलं न्हाई कोनी. नवऱ्यानं न्हाई, पोरांनी न्हाई. आन् त्याला मरनसुदिक इचारून."

आकांक्षा उठली. चहा ठेवायला म्हणून ती आत गेली आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून उभी राहिली.

सोमवारी ती, तिचा नवरा सोमेश्वर आणि सर्जन, अशी तिघं दवाखान्यातल्या केबिनमध्ये होती. द्वारकाबाई बाहेर बाकावर, व्हीलचेअर यायची वाट बघत. सर्जननं फिल्म उजेडावर धरली होती. अंगठा काळा पडला होता तो पडलाच होता, आता वरही रक्त पोचत नव्हतं. साखर आटोक्यात नव्हती. "गुडघ्याच्या खालून काढावा लागेल," ते म्हणाले. "शुक्रवारी करू. याहून उशीर नको." सोमेश्वरच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली होती. ती उचलून त्यानं आधी पुण्याला थोरल्या भावाला, कल्याणला, फोन लावला. दोघा भावांचं दोन मिनिटांत ठरलं. मायला सांगायचं नाही. ती हाय खाईल, जेवण सोडेल. जखम साफ करायची आहे, थोडी भूल देतील, एवढंच सांगायचं. बाहेर आल्यावर सोमेश्वरनं तेच सांगितलं, आणि द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "बरं."

आज बुधवार होता.

ती बाहेर आली आणि पलंगाच्या कडेला बसली. काय शब्द वापरावा ते तिला सुचेना. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त करणारी बाई, तिला दोन शब्द जुळवता येईनात.

"आत्याबाई, शुक्रवारी जखम साफ करायची नाही."

"मंग?"

"पाय काढायचाय."

द्वारकाबाईंचा चेहरा तसाच राहिला. फक्त चादरीवरची बोटं आखडली आणि चादर मुठीत गोळा झाली. मग त्यांनी आकांक्षाचं मनगट पकडलं. तिचा हात ओढून त्यांनी आपल्या पायावर ठेवला, पट्टीच्या वर.

"इथून?"

आकांक्षानं मान हलवली.

हात पोटरीवर सरकला. "इथून?"

"आणखी वर. गुडघ्याच्या खाली."

द्वारकाबाईंनी तिचा हात तिथंच दाबून ठेवला. कातडीखाली नडगीचं हाड लागत होतं.

"सोमेश्वरला म्हाईत हाये?"

"हो."

"कल्यानला?"

"हो."

"तुला?"

"...हो."

"म्हंजी मलाच तेवढं न्हाई."

त्यांनी पाणी मागितलं. आकांक्षानं तांब्या दिला, तर तो तसाच हातात धरून बसल्या.

सोमेश्वर बियाणं कंपनीच्या गोदामातून सहाला घरी आला. दारात बूट काढता काढताच त्यानं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं. काही विचारायची गरज पडली नाही.

"तुला बजावलं होतं ना मी?" तो आकांक्षावर ओरडला. "सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तू कोण मधात..."

"तिच्यावर वरडू नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "हिकडं बस."

तो एक बूट पायात तसाच ठेवून पलंगापाशी आला आणि खाली फरशीवर बसला.

"माय, तू हाय खाल्ली असती. म्हनून न्हाई सांगितलं."

"आन् सुद्दीवर येऊन पांघरून वर केल्यावर? तवा काय खाल्लं असतं?"

हा प्रश्न तीन दिवसांत सोमेश्वरला किंवा कल्याणला एकदाही पडलेला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. तो बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ सुटेना.

"न्हाई म्हनलं तर काय व्हईल?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"माय, असं बोलू नको."

"इचारू राह्यले मी. न्हाई म्हनलं तर?"

त्यानं आकांक्षाकडं पाहिलं. ती पुढं झाली नाही. शेवटी तोच म्हणाला, "वर सरकंल. मंग डाक्टरच्या हातात न्हाई राहात."

"किती दिस?"

"म्हैना. त्याच्या आतबी."

"आन् काढल्यावर चालता येतं?"

"जयपूर फूट बसवतेत. काठी लागंल. येतं म्हनले."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या. "उद्या सांगते."

"उद्या? माय, परवा सकाळी आठला..."

"उद्या म्हनलं ना."

थोड्या वेळानं कल्याणचा फोन आला. सोमेश्वर दारापाशी जाऊन बोलत होता, तरी पलीकडचा चढलेला आवाज खोलीत ऐकू येत होता. तिला काय कळतं, तू सही करून मोकळा हो, असं काहीसं. सोमेश्वरनं ऐकून घेतलं. "न्हाई दादा," तो म्हणाला, "उद्या सांगते म्हनली ती." आणि फोन ठेवला. थोरल्या भावाचं बोलणं त्यानं असं मधेच तोडलेलं आकांक्षानं लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवारी दुपारी द्वारकाबाईंनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "चला. काढू. पर कागद मला वाचून दाखवायचा."

कागद इंग्रजीत होता. शुक्रवारी सकाळी सर्जन वॉर्डात आले, नर्सनं तो सोमेश्वरपुढं धरला आणि सोमेश्वरनं तो आकांक्षाकडं दिला.

"वाचून दाखवायचा म्हणते आई," तो म्हणाला. "सहीबी तीच करणार."

सर्जननं घड्याळ पाहिलं. पण ते थांबले.

आकांक्षा स्टुलावर बसली आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागली. भूल देताना काय होऊ शकतं. रक्त लागू शकतं. जखम भरायला वेळ लागू शकतो, पुन्हा वरून काढावं लागू शकतं. प्रत्येक ओळीला द्वारकाबाई "हूं" म्हणायच्या, तेव्हा ती पुढं जायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपलं खोकणं दाबून धरलं होतं.

"काढलेल्या भागाची विल्हेवाट रुग्णालय नियमाप्रमाणे लावेल."

"थांब," द्वारकाबाई म्हणाल्या. "काय लावंल?"

"विल्हेवाट. म्हणजे ते..." आकांक्षा अडली.

"माझ्या पायाची?"

द्वारकाबाईंनी सर्जनकडं पाहिलं.

"काय करता साहेब तुम्ही त्याचं?"

"ते... वेगळ्या पिशवीत जातं, मावशी. बाकीच्या बरोबर. जाळतात."

"कचऱ्यासंगं?"

"तसं नाही. दवाखान्याचं जे असतं, त्याच्याबरोबर."

"सत्तर वर्सं चालले मी त्याच्यावर," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दोन्ही लेकरं कडंवर घेऊन शेतात गेले. तो माझा पाय हाये साहेब. आम्हाला देऊन टाका."

नर्सनं सर्जनकडं पाहिलं. आकांक्षानं मांडीवरचा कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. चार दिवस त्या घरात पाय सोडून दुसरं काही डोक्यात नव्हतं कुणाच्या. आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"देता येतो," सर्जन हळूच म्हणाले. "अर्ज करावा लागतो. सहसा मागत नाही कुणी."

"कुनाच्या नावानं करायचा अर्ज?"

"तुमच्याच."

"मंग लिही गं," त्या आकांक्षाला म्हणाल्या.

नर्सनं कोरा कागद आणून दिला. आकांक्षानं वर तारीख घातली, द्वारकाबाई रखमाजी असं नाव घातलं आणि पुढं काय लिहायचं म्हणून मान वर केली. द्वारकाबाई सोमेश्वरशी बोलत होत्या.

"तीर्थपुरीला न्यायचा. तुझ्या बापाला माती दिली ना बांधाच्या खालच्या अंगाला, त्याच्या शेजारी. आजच ने. उद्यावर टाकू नको."

सोमेश्वर पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभा होता. आतापर्यंत त्यानं पायाकडं बघायचं टाळलं होतं. आता त्यानं पाहिलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत.

"खड्डा किती खोल करू, माय?" त्यानं विचारलं.

द्वारकाबाईंनी विचार केला.

"कमरेइतका कर," त्या म्हणाल्या. "कुत्रे उकरतेत."